कधीच बंद न पडलेल्या गाड्या

गॅरेजात किस्से ग्रीससारखे साचतात. रोज रॉकेलने हात धुवा, नखांत थोडं राहतंच. मी पाचेक वर्षं साचवलंय, आता काढतो.

बारावीला दोनदा आपटलो, कॉलेज सोडलं आणि वसईत गिरीजच्या रस्त्यावर पास्कलदादाच्या गॅरेजात लागलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या भागात गाडीवाल्यांचे तेव्हा दोनच पंथ. जुन्या कंपनीचे आणि नव्या कंपनीचे. कंपन्यांची नावं लिहीत नाही. एकाला बरं म्हटलं की दुसरा आमच्याकडे हवासुद्धा भरायचा नाही.

माझे पप्पा हायस्कुलात गणित शिकवायचे. जुन्या कंपनीचे कट्टर. मी गॅरेजात लागलो त्या दिवशी त्यांनी जेवताना एवढंच सांगितलं, "माझ्या गाडीला हात लावायचा नाहीस."

आणि मला तर तीच गाडी हवी होती. विकत नाही. दुरुस्तीला.

* * *

नंदाखालचे बस्त्यावकाका. केळीची वाडी, जुनी कंपनी. "बारा वर्षं झाली, सेल्फने कधी दगा दिला नाही," हे वाक्य ते लग्नात, मयतात, कुठेही बोलायचे.

वडीलधारी माणसं "कधी बंद पडली नाही" म्हणाली की मी आधी गाडीखाली ऑइलचा डाग शोधतो. एकदा त्यांच्या वाडीत गेलो, तर केळीच्या मधोमध मातीचा चांगला पुरुषभर उंच ढिगारा, त्याला दोन्ही बाजूंनी उतार, आणि वर गाडी. देवळातल्या मूर्तीसारखी.

"काका, गाडी वर का?"

"हवा लागते तिला."

आमची वसई सगळी सपाट. ढकलस्टार्टला उतार आणायचा कुठून? म्हणून काकांनी दोन ट्रक माती टाकून घरचा उतार बांधला होता. पास्कलदादा म्हणाला, "काका, त्यापेक्षा नवी बॅटरी स्वस्त पडली असती."

"बॅटरी बाहेरची असते रे," काका म्हणाले. "माझा विश्वास कंपनीवर आहे."

* * *

तुळिंजचे एक साहेब होते. बँकेत नोकरी, फ्लॅट, नवी कंपनी. गाडी चांगली चालली की कंपनीमुळे, खोकली की आमच्यामुळे. स्टूल घेऊन बॉनेटशी बसायचे. आम्ही नवा पार्ट काढून जुना घालू, हा संशय. म्हणून बॅटरी, प्लग, स्टेपनी, सगळ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलेला. जाताना ठिपके मोजायचे.

एका शनिवारी बायकोला घेऊन आले. डिकी उघडली. बाई स्टेपनीकडे बघत राहिल्या.

"हा रंग कोणाचा?"

"खुणेचा आहे गं."

"ते कळलं. बाटली कोणाची? मी लाल लावत नाही."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा विश्वासाने. "पास्कल, सांग ना हिला, मी स्वतः दुकानातून आणली म्हणून."

पास्कलदादाने हात पुसले. "आम्ही काय सांगणार साहेब? आम्ही पडलो चोर."

बाई रिक्षाने गेल्या.

* * *

गिरीजचेच दोन भाऊ. थोरला जुन्या कंपनीचा, धाकटा नव्या. एका अंगणात दोन गाड्या, आणि बोलणं बंद. कारण एवढंच, की धाकट्याने नवी गाडी घेतली तेव्हा थोरल्याला विचारलं नाही. आमच्याकडे दोघंही यायचे, पण मागच्या झावळ्यांच्या झापातून. आपली गाडी गॅरेजात दिसली तर पंथाची अब्रू जाते.

एकदा धाकटा गाडीत बसून गिअर दाखवत होता, तेवढ्यात थोरल्याचा हॉर्न ऐकू आला.

"झाक मला, झाक," धाकटा म्हणाला. मी गाडीवर ताडपत्री ओढली. माणसासकट.

थोरला आला तो नेमका त्याच बंपरवर टेकला. अर्धा तास. "आमच्या धाकट्याला अक्कल नाही. पत्र्याचा डबा घेतलान. माझी बघ, पंधरा वर्षं..." आणि ताडपत्रीखालून शिंक आली.

पास्कलदादा म्हणाला, "इंजिन गार होतंय. असा आवाज करतं कधीकधी."

थोरला उठला, पॅन्ट झटकली. "नव्या कंपनीची असणार," म्हणाला.

* * *

एवढा पैसा घालून आपण फसलो, हे कबूल करायला जीभ रेटत नाही. त्यालाच ही माणसं विश्वास म्हणतात. आमचे पप्पा वेगळे नव्हते. वर्षातून एकदा गाडी मुंबईतल्या कुठल्याशा गॅरेजात न्यायचे. तिथून ती धुऊन, पुसून, अगरबत्तीचा वास मारून परत यायची. ब्रेक मात्र होते तसेच. आणि पुढच्या सीटवर माझी आई बसायची.

मी गाडी चोरून फिरवतो, असा त्यांना संशय. रोज मीटरचा आकडा वहीत लिहायचे. घरी हात लावायची सोय नव्हती.

पण रविवारी सकाळी गाडी चर्चच्या आवारात, चिंचेखाली उभी असायची, आणि पप्पा आत. कॉयर मास्तर. दुसरी चावी आईकडे. मिस्साला जाताजाता ती माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "मी काही बघितलं नाही."

असे मी दीड वर्षात ब्रेक केले, इग्निशनचे पॉइंट साफ केले, फॅनबेल्ट बदलला. मीटर एक आकडा हलला नाही. घड्याळ लागायचं नाही. कम्युनियनचं गाणं लागलं की हत्यारं आवरायची, शेवटचं गाणं सुरू झालं की बॉनेट बंद. शेवटच्या गाण्याची कडवी चार. पप्पांनी तीन कधी केली नाहीत, पाच कधी केली नाहीत. गणिताचे मास्तर.

एका रविवारी कार्बोरेटर उघडला होता. त्यातला जेट, पेट्रोलची बारीक तोटी, साफ केला आणि परत बसवताना हातातून सुटला. पितळेचा, तांदळाएवढा. चिंचेखालच्या वाळूत गेला. मी गुडघ्यांवर. आत शेवटचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं. मी वाळू चाळतोय. तिसरं. जेट नाही. चौथं. आता सगळी बाहेर येणार, आणि मास्तरांचा नापास पोरगा मास्तरांच्या गाडीचं पोट फाडून बसलेला अख्ख्या गावाला दिसणार.

चौथं संपलं. आणि पहिलं परत सुरू झालं.

कॉयरची पोरं गडबडली, दोघंचौघं भलत्याच ओळीवर गेली, पण खिडकीपाशी पप्पांची पेटी थांबली नाही. परत चारही कडवी. जेट सापडला. तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा मी स्क्रू आवळत होतो. बॉनेट लावलं आणि भिंतीमागे गेलो.

लोक कुरकुरत बाहेर आले. पप्पा सगळ्यांच्या शेवटी, वह्या काखेत. मागून फादर. "काय मास्तर, आज गाणं संपेचना?"

पप्पा गाडीपाशी थांबले. खिशातून रुमाल काढला आणि बॉनेटवर उमटलेला काळा अंगठा सावकाश पुसला.

"ही कंपनी बघा, फादर," म्हणाले. "अठरा वर्षं झाली. बॉनेट उघडायची कधी वेळ आली नाही."