पाचर काढणारा माणूस

बोरस्ते अण्णा माणसाला नावाने हाक मारत नसत, नट फेकून मारत. खिशात मूठभर लोखंडी नट कायम असायचे. ज्याच्याशी बोलायचं असेल त्याच्या पाठीत नट बसायचा आणि तो मागे वळायचा. अंबडच्या आमच्या कंपनीत ते प्रेस शॉपचे फोरमन होते. अकरा जुन्या प्रेस दिवसभर लोखंडी पत्र्यावर आदळायच्या. त्या दणदणाटात हाक मारून काही उपयोग नव्हता, हे खरंच. पण नट हळूही मारता येतो, हे अण्णांना कोणी सांगायची हिंमत केली नव्हती.

मला पहिला नट बसला तो नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी. मी एचआरमध्ये नवा, नाशिक रोडहून इस्त्रीचा शर्ट घालून आलेलो. प्रेसभोवती जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आत पाय टाकला आणि खांद्याचं हाड शेकलं. अण्णांनी डावा हात माझ्या तोंडासमोर धरला. त्याला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं.

"तीन बोटं ह्या प्रेसनं खाल्ली. तुला काय खायला घालायचंय? नाय ना? मग पट्ट्याच्या मागं."

तेव्हापासून मी त्यांना घाबरून असायचो. ते शिव्या देत, टेबलावर पाना आपटत, चुकार माणसाची गचांडी धरून त्याला भिंतीला टेकवत. निफाडकडचा माणूस, आवाज शेतावरचा. पण त्यांच्या शॉपातला माणूस आजारी पडला की त्याच्या घरी पहिली भाजीची पाटी तेच टाकून येत आणि तिथेही त्याला शिव्याच देत.

त्या वर्षी आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने विचारलं, तुमच्याकडे दिव्यांग किती? मॅनेजर साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "दोन-तीन घेऊन टाक. पॅकिंगला बसव. त्रास नको." मी घेतले. त्यात ज्योती होती. कळवणकडची, सव्वीस वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नसलेली, त्यामुळे बोलणंही हातांनी. दहावी झालेली, मोबाइलवर मराठी झरझर टाइप करायची.

मी स्वतःवर खूश होतो. पॅकिंगमधल्या बायका तिला "बिचारी" म्हणायच्या, तिचे जड खोके स्वतः उचलायच्या. महिन्याभराने ज्योती माझ्या टेबलापाशी आली आणि तिने मोबाइल पुढे केला. 'पॅकिंगमध्ये कायम हेल्परच राहणार. मला प्रेसवर जायचं आहे.'

मी हसून मान हलवली, म्हणजे नाही. तिने तेच वाक्य पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा मी तिला घेऊन शॉपात गेलो. वाटलं, अण्णाच हाकलतील, परस्पर भागेल.

"बहिरी?" अण्णा माझ्या कानात ओरडले. "उद्या हिचा हात गेला तर तुझा कापून देशील का?" त्यांनी माझ्या हातातला तिचा अर्ज चुरगळून तेलाच्या ड्रममध्ये फेकला. ज्योती तोवर पट्ट्याजवळ उभी राहून एका प्रेसकडे एकटक बघत होती. तिला बाहेर काढायला अण्णांनी सवयीने नट मारला. तो तिच्या पाठीत बसला.

ज्योती वळली. खाली वाकून तिने नट उचलला आणि फेकला. अण्णांची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. एकेक करत अकराही प्रेस थांबल्या. त्या शांततेत मला माझ्या नोकरीचा शेवट दिसायला लागला.

अण्णांनी कळकट चिंधीने डोळा पुसला. "नेम चांगला हाय," ते म्हणाले. "डोळे चालत्यात, हात चालतोय, राग बी हाय. इथं कानावर कोण काम करतंय? समदेच बहिरे. तिला सांग, उद्या सकाळी सातला ये."

शिकवणं म्हणजे मारच होता. हात एक इंच चुकला की लोखंडी फूटपट्टी मनगटावर बसायची. ज्योतीच्या मनगटावर निळे वळ दिसायला लागले तेव्हा मी तडफडत गेलो. म्हटलं, "अण्णा, ती दिव्यांग आहे. जरा सांभाळून घ्या."

"डायला माहीत हाय का ती दिव्यांग हाय?" डाय म्हणजे पत्रा कापणारा पोलादी साचा. "मधी आलं ते कापायचं, एवढंच तिला ठाऊक. ह्या बाळूलाबी मी असंच शिकवलं, ह्या समद्यांना. हिला कमी मारलं तर ही कमी शिकंल. मग तू तिला घरी पोचवायला जाशील का, तुटका हात पिशवीत घेऊन?"

बाळू हा आमचा सेटर, म्हणजे प्रेसवर डाय बसवणारा. तो खाली मान घालून हसत होता. मला अण्णांचा संताप आला. त्यांची पद्धत मला आजही पटत नाही, पण त्यांच्या फूटपट्टीने माणसामाणसांत फरक केला नाही हे मान्य करावं लागतं. माझ्या गोड बोलण्याने तो पहिल्या दिवसापासून केला होता.

आता त्या शॉपातलं गुपित सांगायला हवं. प्रत्येक प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे हात डायमध्ये राहायची भीती नाही. पण त्यात वेळ जातो. म्हणून सगळे ऑपरेटर डाव्या बटणात लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवत. मग एक हात पत्रा सरकवायला मोकळा, आणि नगांचा आकडा झपाट्याने चढतो. अण्णांची तीन बोटं अशाच एका पाचरीने घेतली होती. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी पाचरी जाळल्या, माणसं झोडपली. पण माणसं नव्या पाचरी खिशात घेऊन येत, आणि मॅनेजर साहेब आकडा बघून दुसरीकडे मान फिरवत. शेवटी अण्णा हरले. मला वाटतं, ते इतके नट फेकत त्याचं खरं कारण ही हार होती.

ज्योतीला मात्र त्यांनी पाचरीला हात लावू दिला नाही. सहा महिन्यांनी मॅनेजर साहेबांनी तिची एका दिवसाची परीक्षा ठेवली. शॉपाचा रोजचा आकडा गाठला तर कायम ऑपरेटर, बाकीच्यांच्याच पगारावर. नाही गाठला तर परत पॅकिंग, आणि मग पुन्हा विषय काढायचा नाही.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती बरीच मागे पडली होती. पडणारच, ती दोन हातांनी दोन बटणं दाबत होती. फळ्यावरचा तिचा आकडा बघून माझा जीव खालीवर व्हायला लागला. ती डबा खायला गेली होती. मी बाळूला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तिच्या प्रेसलाही लाव की. एकच दिवस. तिचं आयुष्य मार्गी लागेल."

"तिला सांगायला पाहिजे साहेब," बाळू म्हणाला. "मला ते हातवारे येत नाय."

"मी सांगतो," मी म्हटलं. आणि सांगितलं नाही. वाटलं, कळलं तर ती नको म्हणेल.

मला प्रेसमधलं ओ का ठो कळत नव्हतं. ज्योतीची पद्धत अशी होती की डाव्या हाताने पत्रा डायमध्ये ठेवतानाच उजवा हात बटण दाबून बसायचा. डावं बटण मोकळं असेपर्यंत त्यात काहीच धोका नव्हता. पाचर असली की तिचा डावा हात आत असतानाच प्रेस खाली येणार होती.

सुट्टी संपली. ज्योती बसली, पत्रा घेतला. चार प्रेस पलीकडून अण्णांना तिच्या डाव्या बटणातून बाहेर आलेलं लाकडाचं टोक दिसलं. ते कसे पोचले मला माहीत नाही. त्यांनी मागून तिची वेणी धरली आणि तिला स्टुलासकट जमिनीवर आपटलं. त्याच क्षणी प्रेस आली. डायमध्ये तिच्या हातमोज्याची दोन टोकं राहिली. रिकामी.

ज्योती आमच्याकडे पाठ करून जमिनीवर बसून आपली बोटं चाचपत होती. अण्णांनी बाळूला धरलं. पहिल्या ठोशात त्याच्या नाकातून रक्त आलं, दुसऱ्यात तो खोक्यांवर कोसळला, आणि पडल्या पडल्या त्याने माझ्याकडे बोट केलं. अण्णा माझ्याकडे आले. माझ्या कानाखाली जी बसली, तिने पाच मिनिटं कानात शिट्टी वाजत होती.

"कीव आली व्हय रे तिची? तुझ्या कीवेनं तिचा पंजा गेला असता! सहा महिने मी तिला मारतोय ते ह्यासाठी? आँ?" अण्णा रडत होते. मी त्यांना रडताना तेव्हाच बघितलं.

मग त्यांनी हातोडा उचलला. अकराही प्रेस बंद करायला लावल्या आणि एकेका बटणातली पाचर ठोकून उडवली. एक ऑपरेटर पाना घेऊन अंगावर आला, त्याला त्यांनी ढकलून पाडलं. "आता मोजा! समद्यांचे दोन्ही हात बटणावर. हिचेबी. नव्यानं फळा लिहा. आता कळंल कोण काम करतं आन कोण लाकूड."

फळा पुसला गेला. अण्णा हातोडा घेऊन मधोमध उभे राहिले. ज्योतीने मोबाइलही काढला नाही. नवे हातमोजे चढवले आणि बसली. संध्याकाळी एकाच नियमाने मोजलेला आकडा लिहिला गेला तेव्हा अकरा जणांत तिचा नंबर तिसरा होता. तो आकडा सगळ्या शॉपाने बघितला होता, त्यामुळे मॅनेजर साहेबांना तो पुसता येईना. ज्योती कायम झाली.

पण शॉपाचा एकूण आकडा कोसळला होता. पाचर लावा असं तोंडाने म्हणता येत नाही, म्हणून साहेबांनी मारहाणीची चौकशी लावली. केबिनमध्ये साहेब, अण्णा, ज्योती आणि बाजूला कागद घेऊन मी. लिहून घ्यायचं काम माझं.

साहेबांनी कागदावर लिहून ज्योतीला विचारलं, यांनी तुला मारलं का? तिने लिहिलं, 'हो. सहा महिने. त्यामुळे माझा हात आहे. हेही लिहा.'

"हे शेवटचं घेऊ नका," साहेब मला म्हणाले. मी घेतलं नाही.

"पाचर कोणी लावली होती?" त्यांनी अण्णांना विचारलं.

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. माझं पेन थांबलं. "कोणी लावली ते नका इचारू साहेब," ते म्हणाले. "इतकी वर्षं कोणी काढली नाय, ते इचारा. आन मारलं ते मारलं. नियम समद्यांना एक, तर मलाबी एक. लिही रे."

मी लिहिलं. अण्णांची नोकरी गेली. माझं नाव त्या कागदात कुठेही नाही.

पुढे दोनदा मी त्यांच्या गावी गेलो. दुसऱ्या खेपेला ते भावाच्या वावरात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते, करंगळी आणि अंगठ्यात सुतळी धरून. मी विचारलं, "अण्णा, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुला काढलं असतं. मग उद्या आंधळं, लंगडं कोणी दारात आलं तर आत कोण घेणार? तुला अक्कल नाय, पण दार उघडतोस." जुडी माझ्या अंगावर फेकत ते म्हणाले, "पर तिला सांग. तिच्या हाताशी तू खेळलास. तिला कळाया पाहिजे. मी मरायच्या आत सांग."

मी सांगितलं नाही. ज्योती सेटर झाली, पाचरी तिने कायमच्या बंद पाडल्या. मी आणखी सहा दिव्यांग भरती केले, सगळे परीक्षा देऊन, सगळे त्याच पगारावर. दिवाळीला ज्योती मला फराळ आणून द्यायची. तो डबा उघडताना दर वर्षी मला लाज वाटायची, आणि दर वर्षी मी चकल्या खायचो.

अण्णा गेल्या महिन्यात गेले. वावरातच, छातीत कळ येऊन. तेराव्याला सगळं प्रेस शॉप निफाडकडे लोटलं होतं. पंगतीत ज्योती माझ्यासमोर बसली. तिने डाव्या हाताने मोबाइल पुढे केला. 'बाळू कधीच सांगत नाही. त्या दिवशी पाचर कोणी लावायला सांगितली होती, तुम्हाला माहीत आहे?'

वाढपी वरण वाढून पुढे गेला. मी तिचाच मोबाइल घेतला आणि टाइप केलं, 'मी.'

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोबाइल पदराला पुसून शांतपणे पर्समध्ये ठेवला, आणि भरल्या पानावरून उठून निघून गेली.