नमुन्याला ठेवलेला रोबो

एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या मॅनेजरने माझ्या मुलीला आणि तिच्या कॉलेजच्या टीमला फसवलं. सौदा मी जुळवला होता, म्हणजे त्याने मलाही फसवलं.

मी आंब्याचा व्यापारी. हातखंब्याला ट्रकमध्ये पेट्या चढवण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे मागणं आणि सौदा करणं यातला फरक मला कळतो. मुलीच्या टीमने रोबो बनवला होता. पुण्याच्या स्पर्धेला जायला प्रायोजक हवा होता, आणि पोरं कंपन्यांच्या फाटकावरूनच परत येत होती.

"तुम्ही मागता तरी कसं?" मी विचारलं.

"विनंती करतो, बाबा."

"विनंती देवळात करतात गो. इथे माल दाखवायचा."

एका कंपनीने बोलावलं, तेव्हा मीही टीमबरोबर गेलो. शेड कातळावर, रस्त्याच्या अगदी टोकाला. आत एक टेबल आणि मॅनेजर, बाकी सगळं रिकामं. त्याने रोबो फरशीवर चालवायला सांगितला. भिंत आली की रोबो बारीक शिटी द्यायचा आणि उजवीकडे वळायचा. मॅनेजर नुसता रोबोच्या मागे मागे फिरत राहिला. मग म्हणाला, "प्रवासखर्च आमचा, रोबोला नव्या मोटर्सही आमच्या. फक्त नमुना आठवडाभर राहू दे. वरच्या साहेबांना दाखवतो."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आमच्यात नमुन्याची पेटी गिऱ्हाइकाकडे ठेवतातच, त्याशिवाय भाव ठरत नाही. पण पेट्या माझ्याकडे ढीगभर असतात. रोबो पोरांकडे एकच होता, आणि हे त्याला ठाऊक होतं.

आठवड्याने आम्ही दोघं गेलो तर शटर खाली. फोन लागेना. शेजारच्या कारखान्याचा वॉचमन आला.

"कोणाला शोधताय?"

"इथल्या मॅनेजरला."

"हितं कसला मॅनेजर वो? ही शेड कधीची बंद. मीटरसुद्धा काढून नेलाय."

मी भिंतीवरची मीटरची पेटी उघडली. आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. मी वॉचमनवर आवाज चढवणार, एवढ्यात मुलीने माझा हात धरला.

आतून शिटी आली. मग फरशीवर चाकं फिरल्याचा आवाज.

"उंदीर असतील," वॉचमन म्हणाला.

"तुमचे उंदीर शिट्या मारतात?"

मी कुलूप फोडायला दगड उचलला. बाहेर कुलूप नव्हतंच. शटर आतून लावलेलं होतं. मुलगी शटरला कान लावून बसली.

"बाबा, एका चार्जवर तो अर्धा तास चालतो. आणि ऐका, शिटी दिली की आता तो डावीकडे वळतोय."

"मग?"

"मी उजवीकडे शिकवलंय. डावीकडे वळायला कोणीतरी नव्याने शिकवावं लागतं."

पोलिसांत तक्रार दिली. मालक सापडल्याशिवाय शेड उघडता येत नाही म्हणतात, आणि मालक सापडत नाही. स्पर्धा होऊन गेली. मुलीने दुसरा रोबो करायला घेतलेला नाही. त्या रस्त्याने जायचंही ती टाळते.

मी जातो. हल्ली मी शटरपाशी उभा राहिलो की आतला आवाज माझ्यासमोर येऊन थांबतो, आणि मी निघेपर्यंत हलत नाही.

त्या मॅनेजरने माझ्यासमोर यावं. त्याचे वरचे साहेब कोण, आणि वीज नसलेल्या शेडमध्ये माझ्या मुलीच्या रोबोला रोज चार्ज कोण करतं, याचं उत्तर मला त्याच्या तोंडून हवं आहे.