उत्तरेकडे तोंड केलेली गाडी

शांत स्वभावाच्या माणसाला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू करायच्या असतील तर त्याने उगाच डॉक्टरांकडे खेपा घालू नयेत. आमच्या साडूंशेजारी अर्धा तास बसावं. हे मी अनुभवाने सांगतो. लग्न करून पुण्याहून हैदराबादला नोकरीसाठी आलो तेव्हा मी अत्यंत थंड डोक्याचा मनुष्य होतो. पुण्यात राहूनही दुकानदारांशी भांडलो नव्हतो, यावरून काय ते समजा. आज दिलसुखनगरच्या आमच्या घरात साडूंचा फोन आला तरी बायको आधी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवते आणि मग फोन देते. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात काचीगुड्याला, सासरच्याच घरात, वरच्या मजल्यावर. घरजावई म्हणून कोणी टोमणा मारला तर त्यांना तो लागत नाही. "हौ की, भाडं वाचू लालं," असं म्हणून ते समोरच्याचीच पंचाईत करतात.

या माणसाची सगळी हयात लिफ्टच्या कंपनीत गेली. लिफ्टमध्ये किती माणसं मावतील, किती किलो झेपतील, हेच आयुष्यभर बघितल्यामुळे त्यांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, वजन राहतं. माझ्या लग्नात त्यांची माझी पहिली भेट झाली. बाकीच्यांनी जावयाचं शिक्षण विचारलं, पगार विचारला, यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, मुलगा चांगला आहे, पण खालच्या भागात जरा जड आहे." तेव्हापासून ते मला 'पुणेकर' म्हणतात आणि मी त्यांना नाइलाजाने 'साडूभाऊ' म्हणतो. निवृत्त झाल्यावर माणसं गीता वाचतात, बागकाम करतात. यांनी जाहीर केलं की आपण घरच्या घरी एक रेसची गाडी बांधणार. दोन माणसांची, उघडी, आणि वजनाला इतकी हलकी की वारा आला तर धरून ठेवावी लागेल.

त्यानंतर हलकेपणाचं जे वेड त्यांच्या डोक्यात शिरलं त्याने आम्हा सगळ्यांचा जीव नकोसा केला. रद्दीवाल्याकडे असतो तसला लोंबता काटा त्यांनी विकत आणला आणि दिसेल ती वस्तू त्याला लटकवायला सुरुवात केली. जिथे पत्रा जाड दिसेल तिथे ड्रिल घेऊन भोकं पाडायची, म्हणजे वजन कमी होतं, हा त्यांचा धर्म. ब्रेकच्या पायपट्टीला भोकं, दाराच्या कडीला भोकं, स्वतःच्या चपलांच्या टाचांना भोकं. एकदा सासूबाई भजी तळत होत्या, तर हे त्यांच्या हातातला झारा काढून घेऊन उजेडात धरून उभे राहिले. "काय बघू लालात?" सासूबाईंनी विचारलं. हे भारावलेल्या आवाजात म्हणाले, "आई, खरं इंजिनिअरिंग आपल्या बायकांनीच केलं." तोवर कढईतली भजी करपली. दुसऱ्या दिवशी घरातल्या पळीच्या दांड्यालाही भोकं दिसली. माझ्याकडे जेवायला आले की दुसऱ्यांदा श्रीखंड वाढताना मला अडवतात. "घ्या पुणेकर, बिनधास्त घ्या. पण मग माझ्या गाडीत बसायचं नाव नक्को." अहो, माझ्या घरात, माझ्या पैशाचं श्रीखंड! मी त्यांच्या गाडीत बसायला कधी मागितलं होतं?

पण हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. माझा खरा संताप निराळ्या गोष्टीचा होता. रेसची गाडी बांधायला जुन्या गाडीचे अवयव लागतात. मागचा एक्सल, चाकं, स्टीअरिंग, वेग दाखवणारे काटे, सीटा. आणि ते अवयव या गृहस्थांनी कुठून घेतले, तर सासऱ्यांच्या गाडीतून.

सासऱ्यांची गाडी म्हणजे फिकट निळ्या रंगाची, चार दारांची, मागच्या काचेला पडदे असलेली एक सभ्य बाई होती. सासरे ती इतक्या सावकाश चालवत की सायकलवाले शेजारून जाताना त्यांची विचारपूस करून जात. दर रविवारी सासूबाईंना शेजारी बसवून ते गौलीगुड्याच्या बाजारात जात. परत येताना भाजीची पिशवी मागच्या सीटवर एखाद्या पाहुण्यासारखी बसलेली असे. माझ्या बायकोला शाळेत सोडलं या गाडीने, कॉलेजात सोडलं, आणि लग्नानंतर स्टेशनवरही सोडलं याच गाडीने. सासरे गेले आणि गाडी अंगणात उभी राहिली, ती उभीच. मी अधूनमधून रविवारी जाऊन ती पुसत असे, चालू करून बघत असे. पुढे इंजिनाने मान टाकली, तरी पुसणं मी सोडलं नाही.

आणि एका रविवारी फडकं घेऊन गेलो तर अंगणात गाडी नव्हती. होता तो तिचा सांगाडा. दारं भिंतीला टेकवून ठेवलेली, टप कापलेलं, आणि मधोमध साडू वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवून चहा पीत बसलेले. बायको माझ्याबरोबर होती. तिने दाराच्या निळ्या पत्र्यावर हात फिरवला, वळली आणि रिक्षात जाऊन बसली. त्या दिवसापासून तिने साडूंशी बोलणं टाकलं. तिच्या बहिणीनेही नवऱ्याला धारेवर धरलं. मी तर जे तोंडाला आलं ते बोललो. न विचारता, न सांगता, मेलेल्या माणसाच्या गाडीवर करवत चालवायला लाज कशी वाटली नाही, असंही विचारलं. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पुणेकर, एक चहा घ्या. गरम आहे." मला त्यांची मान मुरगळावीशी वाटली.

पुढे वर्ष उलटून गेलं. बायको माहेरी जायची ती मागच्या दाराने, अंगणाकडे पाठ करून. सणावारी दोघी बहिणी शेजारी बसून मोदक वळत, पण साडू खोलीत आले की माझी बायको परात उचलून उठे. मी मात्र जात होतो. का, तर भांडायला! कोणीतरी जाऊन त्यांना सुनवायला नको? मी सुनवत असे आणि ते चौकोनी पाइप जोडत बसत. एका अपघातात सापडलेल्या मोटरसायकलचं इंजिन त्यांनी भंगारबाजारातून आणून पुढे बसवलं. नाक ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, हाताने ठोकून काढलेलं. सगळीकडे भोकं. फक्त एका गोष्टीला त्यांनी ड्रिल लावलं नव्हतं. डावीकडची सीट. सासऱ्यांच्या गाडीतली ती जडशीळ सीट त्यांनी स्प्रिंगांसकट, विणलेल्या खोळीसकट होती तशी बसवली. "हिला भोकं पाडायची विसरलात वाटतं," मी कुत्सितपणे म्हणालो. ते म्हणाले, "ती राहू द्या." एवढंच. यावरही मी चिडलो. वर्षभर दुसऱ्यांच्या चमच्यांना भोकं पाडणाऱ्या माणसाने आपल्या गाडीत एवढी जड वस्तू ठेवावी, याला काही तत्त्व?

दसऱ्याला गाडी तयार झाली. सासूबाईंनी फर्मान काढलं की पूजेला सगळ्यांनी यायचं, म्हणून माझी बायकोही आली. पण व्हरांड्याच्या पायरीखाली उतरली नाही. पूजेतही भांडण झालंच. मी झेंडूचा भरघोस हार आणला होता, तर साडूंनी तो काट्याला लटकवला आणि नाक मुरडलं. "एवढा जड हार नक्को. दोन फुलं बस." शेवटी सासूबाईंनी डोळे वटारले तेव्हा हार चढला. चारी चाकांपुढे लिंबं ठेवली, नारळ फुटला. साडूंनी आणि मी सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरून त्या खोलगट डाव्या सीटवर बसवलं. साडू स्टीअरिंगवर बसले. इंजिनाने अशी डरकाळी फोडली की तुळशीची पानं थरथरली, आणि शेजारच्या गच्चीवरून एक म्हातारबुवा ओरडले, "अरे मियां, ये उडती क्या?"

आणि गाडी तिथेच थांबली. कारण गाडीच्या पुढे तुळस होती आणि तुळशीच्या पुढे भिंत. फाटक होतं मागे, दक्षिणेला.

झालं होतं असं, की गाडीचा पहिला पाइप ठेवायच्या दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, दक्षिणेकडे तोंड करून शुभ काम सुरू करायचं नाही. साडूंनी सासूचा शब्द पाळला, गाडीचं नाक उत्तरेला ठेवलं आणि तसंच बांधत गेले.

 आणि मग व्हरांड्यातून माझ्या बायकोचा आवाज आला. वर्षाहून जास्त काळ ज्या माणसाशी ती एक अक्षर बोलली नव्हती, त्याला तिने विचारलं, "भावजी, रिव्हर्स टाका ना."

साडू पुढे बघत म्हणाले, "मोटरसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो."

इथे माझा बांध फुटला. मी ओरडलो. गल्लीभर ऐकू गेलं असेल. "बाबांच्या गाडीला रिव्हर्स होता! चार दारं होती, टप होतं, पडदे होते! ती कापून तुम्ही हे भोकांचं गाठोडं बनवलंत आणि ते भिंतीकडे तोंड करून उभं केलंत! एक माणूस गेला, त्याची एक वस्तू अंगणात होती, तीही तुम्हाला बघवली नाही!"

"त्यांना नाही," सीटवरून सासूबाई म्हणाल्या. "मला बघवली नाही."

साडू घाईघाईने म्हणाले, "आई, राहू द्या." पण सासूबाई थांबल्या नाहीत.

"ओरडू नका त्यांच्यावर. मीच बोलले, मोडा म्हणून. रोज सकाळी दार उघडलं की गाडी समोर उभी. मला वाटायचं, आज हे अजून निघाले नाहीत, उशीर होऊ लाला. हाक मारायला तोंड उघडायचे आणि मग आठवायचं. रोज नव्याने आठवायचं. भंगारवाल्याला बोलावलं तर तो हातात घण घेऊन आला. त्याला परत पाठवलं. मग ह्या थोरल्या जावयांना बोलले, तुम्ही मोडा. घरचा हात आहे, आहिस्ता मोडेल. आणि पोरींना सांगू नका. तुम्ही पुसायला येता, त्या पडद्यांना हात लावून रडतात. त्यांना कसं सांगू, की बाई, मला ही नको झाली?"

 मेहुणी पदर तोंडाला लावून उभी होती. माझी बायको पायऱ्या उतरून अंगणात आली. मला वाटलं, आता रडारड होणार. पण ती खाली वाकली, चाकांपुढची लिंबं एकेक करून उचलली आणि चाकांच्या मागे ठेवली. "भावजी, स्टीअरिंग सरळ धरा," ती म्हणाली. "आणि तुम्ही काय बघताय? ढकला."

मी गाडीच्या नाकाला हात लावला आणि ढकललं. आणि सांगायला संताप येतो, पण गाडी सुरकन गेली. आत दोन माणसं, गळ्यात झेंडूचा हार, आणि तरी मी एकट्याने तिला मागे नेली. लिंबं फटाफट फुटली. साडू माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलं पुणेकर? ह्याच्यासाठी भोकं."

माझा राग अजून गेलेला नाही. कसा जाईल? वर्षभर मी एका निरपराध माणसावर तोंडसुख घेत होतो आणि त्याने मला खुशाल घेऊ दिलं! एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? मी विचारलं तर म्हणाले, "सांगितलं असतं तर सगळे आईंवर नाराज झाले असते. माझ्यावर नाराज व्हायची तुम्हाला सवयच आहे."  भांडण करायलाही समोरच्याने थोडी मदत करावी लागते.

घरी बांधलेल्या गाडीला रस्त्याचा परवाना मिळत नाही, असं सरकारी कचेरीतून कळलं. त्यामुळे एवढी वाऱ्याशी स्पर्धा करणारी गाडी काचीगुड्याच्या आमच्या त्या बंद गल्लीतच फिरते. रविवारी मी तिला उलटी ढकलून फाटकाबाहेर काढतो, मग साडू सासूबाईंना घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जातात. तिथून गौलीगुड्याकडे जाणारा रस्ता दिसतो. थोडा वेळ दोघं तो बघत बसतात. मग मी चालत जातो आणि शिव्या घालत गाडी परत ढकलत आणतो. रिव्हर्सची सोय करून घ्या म्हणून मी हजारदा सांगितलं. "तुम्ही आहात ना," म्हणतात.

गेल्या रविवारी नेहमीसारखं आम्ही दोघा जावयांनी सासूबाईंना दोन बाजूंनी धरून सीटवरून उठवलं. हल्ली त्यांचं जेवण कमी झालंय. दंडाला धरलं तर हातात नुसती बांगडी आल्यासारखं वाटलं. पूर्वी उचलताना आम्ही दोघे कण्हत असू. या वेळी त्या अशा वर आल्या की माझाच तोल गेला. त्या आत गेल्यावर साडू बराच वेळ त्या रिकाम्या सीटकडे बघत उभे राहिले. तो लोंबता काटा खिळ्यावर होता, त्याला त्यांनी हात लावला नाही.

"पुणेकर," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी येताना तो मोठा हार आणा. जड असला तरी चालेल."

मी त्यांच्यावर खेकसलो, की हे शहाणपण दसऱ्याला कुठे गेलं होतं. त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघांनी मिळून गाडी आत घेतली आणि नेहमीसारखी, उत्तरेकडे तोंड करून लावली.