गुणाजी ड्रायव्हरची झोप

गुणाजी राण्याला झोप येत नाही, हे घाटकोपरला भटवाडीतल्या अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बसडेपोला. आणि तिथे ते कळू नये म्हणून हा बाबा जिवाचं रान करत होता.

ब्याऐंशी साली दिल्लीत एशियाड होऊन गेलं त्याच्या पुढच्या वर्षातली ही गोष्ट. गुणाजी बसवर ड्रायव्हर. घाटकोपर स्टेशनवरून निघायचं, आग्रा रोडनं मुलुंड गाठायचं, वळसा मारून परत. पाळी पहाटेची. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता, आणि त्याचा त्याला केवढा गर्व! गावी मे महिन्यात गेला की लोक त्याला राणे म्हणत नसत, डायवर म्हणत. हा मिशीवरून हात फिरवत आणखी दोन पाहुण्यांना मुंबईला यायचं आमंत्रण देई. सुलक्षणा, म्हणजे त्याची बायको, कपाळाला हात लावी.

तर या डायवराला एकदा पहाटे जाग आली नाही. बस, एवढंच! पहिली गाडी सुटली नाही, स्टॉपवरच्या माणसांनी बोंब मारली आणि साहेबानं याला सगळ्या स्टाफसमोर झाप झाप झापलं. दुसरा कुणी असता तर चार शिव्या घालून विसरला असता. गुणाजीनं ते मनाला लावून घेतलं. त्या रात्री तो लवकर आडवा झाला आणि विचार करत राहिला, की आता झोपलं पाहिजे. झोपलो नाही तर उद्या परत उशीर होणार. झोप, गुणाजी, झोप! आता माणसानं स्वतःला असा दम दिल्यावर झोप कशी येणार? ती जी गेली ती गेलीच.

मग उपाय सुरू झाले. सुलक्षणानं जायफळ उगाळून दूध दिलं. काशाच्या वाटीनं तळपाय घासले, ते इतके की वाटी काळी पडली आणि पाय गुळगुळीत झाले. शेजारच्या वनमालाबाईंनी उशीखाली ठेवायला अंगारा दिला. त्याला झोप लागावी म्हणून समोरच्या खोलीतल्यांनी संध्याकाळचा रेडिओ बंद केला, पोरांना वऱ्हांड्यात धावायची बंदी झाली. नळावर बादल्यासुद्धा बाया उचलून ठेवत, आपटत नसत. आणि सकाळी घराबाहेर पाय ठेवला की ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "काय राणेनू, लागली काय झोप?"

गुणाजीला वाटे, एकेकाचं नरडं दाबावं. सगळी चाळ श्वास रोखून आपल्या झोपेची वाट बघतेय म्हटल्यावर त्याची उरलीसुरली झोपही उडे. तिन्हीसांजेला दिवे लागले की तो उरलेले तास बोटांवर मोजू लागे. साधं गोधडीचं अंथरूण ते, पण शाळेतल्या मास्तरसारखं त्याला भीती घालत होतं.

डॉक्टरकडे जायला तो तयार नव्हता. डॉक्टर चिठ्ठी लिहिणार, चिठ्ठी डेपोत जाणार, डेपोवाले 'गाडीला अनफिट' असा शेरा मारणार. मग काय, शेडमध्ये बसून टायर मोजायचे? "चाक हातातून गेलं तर मी कोण गं?" तो सुलक्षणाला विचारी. ती त्याच्या डब्याला फडकं बांधत राही. पण तिचाही जीव टांगणीला होता. हा भरलेली बस घेऊन जातो आणि डोळे बघावेत तर जास्वंदीसारखे लाल. रोज तो घरी परत येईपर्यंत ती जेवायला बसत नसे.

शेवटी तिनं, आपल्या कोकणच्या माणसाला सुचतं तेच केलं. देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. चाळीतल्या बाळा मेस्त्रींना नारळ दिला. म्हातारा गाऱ्हाणं घालण्यात पटाईत, देवाला अशी हाक मारी की तो झोपेतून उठून बसेल. चाळीतले सगळे जमले. आणि नेमका त्याच दिवशी सुलक्षणानं कुंडलिकला जेवायला बोलावलं.

कुंडलिक म्हणजे गुणाजीच्या गाडीवरचा कंडक्टर. साताऱ्याकडचा, उंच, मोजकं बोलणारा. दोघं कित्येक वर्षं एका गाडीवर, एका डब्यात जेवणारे. पण गुणाजीनं त्यालाही पत्ता लागू दिला नव्हता. डोळे लाल का, तर डोळे आलेत. चिडचिड का, तर पित्त झालंय. सुलक्षणाला कुठं माहीत, की नवऱ्यानं मित्राला इतकं साधं सांगितलेलं नाही!

दोघं ड्यूटी संपवून खोलीवर आले, तर दारात चपलांचा ढीग. गुणाजी आत डोकावला आणि मांडलेला नारळ बघून काय ते समजला. मागे फिरावं, तर बाळा मेस्त्रींनी हात धरून त्याला नारळासमोर उभा केला आणि आवाज लावला, "बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली गरजली.

"ह्या तुझ्या लेकराच्या डोळ्याक डोळो लागणा नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दिवाळीपासून तो असोच तळमळता, आणि तशाच डोळ्यांनी मानसांनी भरलेली बस हाकता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कुंडलिकनंही सुरुवातीला सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं. या वाक्याला मात्र त्याचं तोंड मिटलं. तो गुणाजीकडे बघत राहिला आणि गुणाजी नारळाकडे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं गुणाजीला झालं. बाळा मेस्त्रींना काय त्याचं! त्यांनी हातपाय, स्टेअरिंग, ब्रेक, सगळ्याचं रक्षण करायला देवाला बजावलं आणि नारळ फोडला.

जेवताना कुंडलिकनं वहिनीच्या सोलकढीलासुद्धा नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गाडी काढायच्या आधी त्यानं गुणाजीला बाजूला घेतलं. "दिवाळीपासून?"

"म्हातारा वाढवून सांगतो रे."

"मग शिमगा धरू? गुण्या, खरं बोल."

"थोडीफार झोप लागते."

"स्टार्टरला तू सांगतोस की मी सांगू?"

स्टार्टर म्हणजे स्टेशनच्या चौकीत बसून गाड्या सोडणारा. त्याच्या कानावर गेलं की संपलं. "कुंडलिक, पाया पडतो यार तुझ्या. चाक काढून घेतील माझं. तुला कधी धक्का लागला माझ्या गाडीत? सांग ना!"

कुंडलिकनं तिकिटांची पेटी खांद्याला अडकवली. मग म्हणाला, "ही फेरी मारून येऊ. मग बघू."

त्या फेरीत गुणाजीचं लक्ष रस्त्यावर कमी आणि मागे जास्त. कुंडलिक काय ठरवतोय? सांगेल? नाही सांगणार, जिवाभावाचा माणूस आहे. पण कसा बघत होता काल! डोक्यात हाच चरक फिरत होता, डोळ्यांत वाळू घातल्यासारखं झालं होतं. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. हात आपोआप गिअर टाकत होते.

विक्रोळीच्या अलीकडच्या स्टॉपवर गाडी थांबली. माणसं चढत होती. टण टण. गुणाजीनं क्लच सोडला, गाडी हलली, आणि मागून एकदम किंकाळी आली. मग आरडाओरडा. "रोको! रोको रे! पोरगी! पोरगी!"

त्यानं ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी थांबवली. उभी माणसं एकमेकांवर कोसळली. आरशात फक्त डोकी दिसत होती. तो घंटीची वाट बघत बसला. घंटी येईना. 'देत नाही,' त्याच्या मनात आलं. 'मुद्दाम देत नाही. सगळ्या पॅसेंजरांसमोर माझी वाट लावायची ठरवलीय यानं!' त्याचं डोकं भडकलं. दार ढकलून तो खाली उतरला आणि तावातावानं मागे गेला.

"घंटी का देत नाहीस रे? आधी दिलीस ना डबल बेल!"

"कधी?" एक म्हातारा पॅसेंजर ओरडला. "घंटी झालीच नाही! झोपेत गाडी चालवतो काय?"

कुंडलिक मागच्या पायरीवर गुडघ्यांवर बसला होता. त्याचा एक हात दांड्याला गुंडाळलेला आणि दुसऱ्या मुठीत एका पोरीचं मनगट. शाळेचा फ्रॉक घातलेली पोर, एक पाय पायरीवर, दुसरा हवेत, चाकापासून वीतभर. तिची आई रस्त्यावर पडली होती, कोपर सोलवटून रक्त येत होतं. पोर रडत नव्हती. कुंडलिकची मूठ उघडत नव्हती. "सोडा हो तिला आता," कुणीतरी म्हणालं, तरी त्याची बोटं सुटेनात. घंटीच्या दोरीला लावायला त्याच्याकडे हातच नव्हता.

गुणाजीनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. पोर धावत आईला बिलगली.

कुंडलिक उठला. "जा, बस गाडीवर. बाईंना फारसं लागलेलं नाही. मी काही बोलत नाही, तू काही बोलू नकोस. जा."

हेच तर हवं होतं गुणाजीला! कालपासून याच शब्दांसाठी तो तडफडत होता. पण पाय पुढच्या दाराकडे वळेनात. आपण घंटी ऐकली होती. देवाशपथ ऐकली होती. उद्याही ऐकू येईल.

"मी गाडी नेणार नाही," तो म्हणाला. मग पॅसेंजरांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "मला झोप नाही. कित्येक महिने झोप नाही. दुसऱ्या गाडीनं जा."

लोकांनी जे तोंडसुख घ्यायचं ते घेतलं. त्या पोरीची आई फक्त एवढंच म्हणाली, "अहो, आधी सांगायचं होतं ना." कुंडलिकनं तिला समोरच्या दवाखान्यात नेलं. आपली गाडी स्टॉपवरच बंद करून गुणाजी उलट दिशेची गाडी पकडून घाटकोपरला आला, चौकीत गेला आणि स्टार्टरला सगळं जसंच्या तसं सांगितलं, पोरीसकट. स्टार्टरनं पेन खाली ठेवलं. "राणे, आता तुम्हाला चाक मिळेल असं धरून चालू नका."

"नको," गुणाजी म्हणाला.

सकाळीच नवरा दारात बघून सुलक्षणा घाबरली. त्यानं सांगितलं, चाक गेलं. पोरीचं सांगताना त्याचं तोंड वाकडं झालं. तिनं पाणी दिलं. भांडं परत घेताना ती म्हणाली, "मग उद्या पहाटे उठूचा नाय?"

"नाही."

ती भाताचं बघायला वळली. ताट घेऊन आली तर तो भिंतीला टेकून होता तिथंच कलंडला होता, फरशीवर, खाकी शर्ट अंगात तसाच. तोंड उघडं, घोरणं सुरू. ताट हळूच खाली ठेवून ती त्याच्याजवळ बसली आणि तिला रडू कोसळलं. काही केल्या आवरेना. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशीच रडत राहिली, कारण आवाज झाला असता तर तो जागा झाला असता.