पूजेतला पाना

कऱ्हाटीचा गेणू बारामतीच्या एका जिनात तेलवाला होता. कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना तो. इंजिन, मोठाली चाकं, त्यांवरून धावणारा रुंद पट्टा आणि त्या पट्ट्याच्या अंगाअंगानं तेलाची झारी घेऊन फिरणारा गेणू. नोकरी लावून दिली ती मेव्हण्यानं, झुंबर मिस्त्रीनं. जिनानं दिलेली खोलीही मिस्त्रीच्याच नावावर, दोघांचं बिऱ्हाड तिथंच. बायको रंगूबाई मिस्त्रीची धाकटी बहीण. खाणं, राहणं, नातं, सगळं एकाच खुंट्याला.

खंडेनवमीला पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढायची, चाकाला हळदकुंकू लावायचं आणि पाने, हातोडे पाटावर मांडून पूजायचे, ही जिनातली रीत. पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याआधी कुणी उचलत नाही. त्या वर्षी मिस्त्रीच्या सांगण्यावरून जाळी गेणूनं काढली. दुपारी मॅनेजर धावत आला. मुंबईचे भागीदार आलेत, त्यांना इंजिन चालतं दाखवायचंय.

"सायेब, जाळी बसवाय पायजे," गेणू म्हणाला, "पण पाना पूजेत हाय."

"राहू दे जाळी. चालू करा."

मिस्त्री शेजारीच उभा होता. त्यानं मान हलवली. पाना उचलायची छाती कुणालाच झाली नाही, इंजिन चालू करायची मात्र झाली! पान्याला विसावा, माणसाला नाही. गेणू तेल घालायला वाकला, पट्ट्यानं बाही ओढली आणि उजव्या हाताची चारही बोटं गेली.

भरपाईचा कायदा होता. एका भल्या वकिलानं दावा लावला आणि गेणूला समोर बसवून सांगितलं, "तू आपल्या मनानं जाळी काढलीस असं ठरलं, तर कंपनी सुटली. मॅनेजरच्या हुकमानं इंजिन चाललं असं ठरलं, तर ती अडकली. हुकूम ऐकणारा आणखी कोण होता?"

"माझा मेव्हणा."

वकिलानं हातातला टाक खाली ठेवला.

त्या रात्री झुंबर ओट्यावर येऊन टेकला. "दाजी, मला साक्षीला वढू नगा."

"मग कुणाला वढू? पट्ट्याला?"

"माझी भाकरी जाईल."

"माझी गेलीच की, मिस्त्री."

"तुमची कुठं गेली? माझ्यातनंच चाललीय न्हवं?"

खरं बोलणाऱ्या मेव्हण्याची नोकरी गेली तर खोली जाणार, खोली गेली तर दोन्ही संसार रस्त्यावर. आणि मेव्हणा खोटं बोलला तर आयुष्यभर त्याच्याच दारात बसायचं. आतून रंगूबाई म्हणाली, "दादा, शपथ घिऊन खोटं बोलशील व्हय रं?" झुंबर उठून गेला.

कोर्टात गेणूनं घडलं तसं सांगितलं. मॅनेजरचं नाव घेतलं, हुकूम सांगितला. मग झुंबर उभा राहिला. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "जाळी कुणी काढली?"

"दाजींनी."

"मॅनेजर साहेबांनी काही हुकूम दिला?"

झुंबरनं गेणूकडं पाहिलं नाही. "मला ऐकू आला न्हाय."

दावा फेटाळला. कंपनीनं मात्र लगोलग कायदा पाळला. जिनात पाटी लागली, जाळी काढणाऱ्यास शिक्षा होईल. पाटी इंग्रजीत, आणि वाचणारा आत एकटा मॅनेजर!

निकालाच्या संध्याकाळी गेणू आणि झुंबर एकाच वाटेनं घरी आले, कारण घर एकच. रंगूबाईनं दोन ताटं वाढली आणि चुलीकडं तोंड करून बसली. गेणूनं डाव्या हातानं भाकरी मोडायची खटपट केली. भाकरी नुसतीच ताटात फिरत राहिली. झुंबरनं आपलं ताट बाजूला सारलं, गेणूचं पुढं ओढलं आणि भाकरी कालवणात कुस्करू लागला.

"राहू दे," गेणू म्हणाला.

झुंबर कुस्करतच राहिला. गेणूला भूक लागली होती. त्यानं ताट जवळ घेतलं.