सबनीसकाकांचा अडकलेला घास

सबनीसकाका जेवता जेवता मध्येच उठून उभे राहायचे. दोन्ही हात डोक्यावर ताणायचे, पाठ मागे वाकवायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि घास खाली उतरला की पुन्हा ताटावर बसायचे. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात त्यांचं सरकारी क्वार्टर आमच्या समोरच होतं. आम्ही मुलं याला 'काकांची कवायत' म्हणायचो.

कुणी विचारलं तर "माझं गाडं जरा स्लो आहे," एवढंच ते म्हणत. लग्नात आहेर देऊन पंगतीआधीच निघत, म्हणून लोकांना शिष्ट वाटत. खाल्लेलं घशाशी येई, त्यामुळे झोपतही उशांना टेकून, अर्धवट बसूनच. डॉक्टरांनी आधी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, मग टेन्शनच्या. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हाही काही सापडलं नाही. सगळं मनाचं आहे, असं ठरून गेलं.

काकूंची समजूत वेगळीच होती. आपल्या हातचं यांना आवडत नाही, असं त्या माझ्या आईला सांगत आणि दुसऱ्या दिवशी आणखी मऊ, आणखी पातळ काहीतरी रांधत. याच समजुतीत त्या हृदयविकाराने अचानक गेल्या.

निवृत्तीनंतर काका मुलाकडे गुरुग्रामला आले; मीही तेव्हा तिथेच राहत होते. अंगावरचे कपडे लोंबू लागले होते. मुलगा टूरवर होता, म्हणून हॉस्पिटलात सोबत मी गेले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाणीसुद्धा अडकतं का?"

"हो, पहिल्यापासून."

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी नाकातून बारीक नळी घातली, घोट घोट पाणी प्यायला लावलं आणि गिळताना अन्ननलिकेचे स्नायू किती जोर लावतात ते मोजलं. नलिका घास ढकलत नव्हती आणि तळाची झडप उघडत नव्हती. हा स्नायूंचा आजार होता, मनाचा नव्हे. स्नायू पूर्ववत होणार नव्हते, पण झडपेचा घट्ट भाग छेदून वाट मोकळी करता येणार होती.

मला हायसं वाटलं. काका बाहेरच्या बाकावर येऊन बसले. मग म्हणाले, "अगं, तिच्या हातचं मला फार आवडायचं. आजारच कळला नाही, तर तिला काय समजावणार, म्हणून कधी बोललोच नाही."

ऑपरेशन नीट झालं. घास सावकाश का होईना, उतरू लागला. रविवारी ते माझ्याकडे जेवायला येत. जेवण झालं की स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पोळ्या करणाऱ्या सुनीताला, "बहुत अच्छा बना था," असं मुद्दाम सांगत. शेवटच्या आजारपणापर्यंत त्यांनी हे एकदाही चुकवलं नाही. सुनीता "अच्छा, अंकलजी" म्हणून पुढची पोळी लाटायला घेई आणि काका क्षणभर दारातच रेंगाळत.