वाढलेली बांगडी

डांबराचा वास आला की आजही माझ्या तळव्यांना ओले लाकूड लागते. त्या होडीच्या फटी डांबराने बुजवलेल्या होत्या. ऊन चढू लागले तसा तो काळा, कडवट वास पाण्यावरच्या गारव्यात मिसळत गेला.

लढाईची वर्षे होती. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान पलटणीत कारकून होते, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठेतरी. चार महिने त्यांचे पत्र नव्हते. दिवाळीला नगरला माहेरी आलेली अक्का पोस्टमनच्या वेळेला रोज दारात उभी राही आणि रिकाम्या हातांनी पदर सारखा करीत आत येई. अशात भाऊबीज झाल्यावर वडिलांनी एकाएकी सांगितले की सगळ्यांनी भंडारदऱ्याला जायचे. धरणावर ओळखीचे ओव्हरसियर आहेत, होडीतून दिवसभर फिरायचे, बेटावर जेवायचे. हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या वडिलांनी आम्हांला तोवर कुठेही सहलीला नेले नव्हते. आईला नवल वाटले, पण तिने पाण्याची ओटी भरण्यासाठी खण, तांदूळ आणि नारळ तेवढा बरोबर घेतला. जावई सुखरूप यावेत, एवढेच तिचे मागणे होते.

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत अर्धा दिवस धुरकटून आम्ही पोचलो, रात्र ओव्हरसियरांकडे काढली आणि सकाळी होडीत बसलो. पाणी इतके निश्चल होते की डोंगर त्यात उलटे टांगल्यासारखे दिसत. अक्काने नावाड्याला बेटाचे नाव विचारले.

"बेट कुठलं, ताई," तो म्हणाला. "टेकाड हाय आमचं. गाव खाली हाय."

मी पाण्यात सोडलेला हात काढून घेतला. वल्ह्यांचा आवाज तेवढा राहिला, कुणीतरी खालून दार लोटीत असल्यासारखा.

बेटावर उतरताना अक्काचा हात खडकावर आपटला आणि एक हिरवी बांगडी फुटली. आमच्या घरात बांगडी तुटली असे कुणी म्हणत नसे. नारळ वाढवतात तशी बांगडीही 'वाढते'. या शब्दाची वडील नेहमी थट्टा करीत. बांगडी वाढली तर आता एकूण किती झाल्या ते सांगा, असे आईला विचारून तिला रडकुंडीला आणीत. त्यांची शाबासकी मिळावी म्हणून मी मोठ्याने म्हणाले, "अक्काची बांगडी तुटली."

वडील हसले नाहीत. त्यांनी वाकून काचेचे तुकडे एक एक करून वेचले. मग माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "वाढली म्हण."

टेकडीवर सोनकीची उरलीसुरली पिवळी फुले होती. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. वडिलांनी आपल्या वाटणीचा गूळ अक्काच्या पानात ठेवला, तिला गाणे म्हणायला लावले, फुले आणून दिली. "आज आईच्याऐवजी अण्णाच माहेरपण करताहेत माझं," अक्का म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. तिने केसांत फुले माळली आणि काठाशी बसून पाण्याची ओटी भरली. पाण्यावर सोडलेले कुंकू आधी एका जागी थांबले, मग सुटत, फिकटत लांबवर गेले. वडील पाठ करून उभे होते. नावाडी निघायची घाई करू लागला तेव्हा मात्र ते म्हणाले की थांबा, तिचे होऊ द्या.

परतताना वारा बोचू लागला. वडिलांनी आपला कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला. ऊब शोधीत मी खिशात हात घातला, तर बोटांना एक कार्ड लागले. त्याचा एक कोपरा फाडलेला होता. मी ते अर्धे वर काढले. माथ्यावर 'श्री' नव्हते. अक्षर अक्काच्या सासऱ्यांचे होते, कर्जतहून आलेले. कुणी गेल्याचे कळवणारे असे कार्ड आमच्याकडे उंबऱ्याबाहेरच फाडून टाकतात. त्यात काय असते ते वाचावे लागत नाही. निघण्याआधी दोन दिवस वडिलांचा कोट ओसरीबाहेरच्या खुंटीला का टांगलेला होता, ते मला तेव्हा उमगले. शकुन न मानणाऱ्या त्या माणसाने ते कार्ड घरात नेले नव्हते, आणि त्याच्याने ते फाडवलेही नव्हते. त्याऐवजी त्याने आम्हांलाच घराबाहेर आणले होते.

होडीच्या टोकाशी अक्का ओंजळीने पाणी उडवीत होती. उरलेल्या बांगड्या वाजत होत्या. तिच्या कपाळावर, उतरत्या उन्हात, कुंकू ओलसर चमकत होते.

मी वडिलांकडे पाहिले. माझा हात खिशात आहे हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यांनी माझ्या हातावर कोटावरूनच आपला हात ठेवला, कार्ड पुन्हा तळाशी दाबले आणि अक्काला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाले,

"उद्या."